अल्ट्रासोनिक मशीन चालू आहे, पण पार्ट साफ होत नाहीत? आधी पाणी बघा

नाशिकला थंडी पडली की सकाळी साडेनऊ-दहाच्या सुमारास माझा फोन वाजायला लागतो. बोलणारा दरवेळी वेगळा, तक्रार मात्र ठरलेली. "दादा, मशीन चालू आहे, आवाज येतोय, पाणीही गरम होतंय, पण पार्ट साफ निघत नाहीत. काल संध्याकाळपर्यंत एकदम ओके होतं."

मी विचारतो, "आज पाणी बदललं का?"

"हो, सकाळीच बदललं. पाणी तर एकदम ताजं आहे."

गोम तिथेच आहे. ते ताजं आहे म्हणूनच काम करत नाहीये.

मी नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक भागातल्या लहान वर्कशॉपमधल्या आणि सराफ बाजारातल्या काही दुकानांमधल्या अल्ट्रासोनिक टाक्या, म्हणजे कानाला न ऐकू येणाऱ्या आवाजाच्या लाटांनी पाण्यात पार्ट धुणारी मशीनं, दुरुस्त करतो. जोडीला डिझेल इंजेक्टरचे नोझल आणि टर्निंगचे (लेथवर कापलेले) बारीक पार्ट धुण्याचं स्वतःचं जॉबवर्क आहे. हा घोटाळा समजायला मला एका गिऱ्हाइकाकडे तीन फेऱ्या आणि एक विनाकारण बदललेलं इलेक्ट्रॉनिक कार्ड एवढी फी भरावी लागली. ती तुमची वाचावी म्हणून हे सविस्तर लिहितोय.

अंबडमधलं टर्निंगचं वर्कशॉप. टाकी ३० लिटरची, ४० किलोहर्ट्झची, तळाला साठ-साठ वॉटचे दहा ट्रान्सड्यूसर. (ट्रान्सड्यूसर म्हणजे विजेवर थरथरणारा भाग. बोलताना आम्ही त्यांना नुसतं हेड म्हणतो, इथेही तेच म्हणेन.) तक्रार अशी की पितळी बुशांच्या आडव्या भोकातला काळा तेलकट गाळ निघत नाही. पहिल्यांदा मी दुपारी दोनला पोचलो. माझ्यासमोर एक बास्केट सोडली, तीन मिनिटांत बुश चकाचक. मालक ओशाळला, मी चहा पिऊन परत आलो. आठवड्याने पुन्हा फोन. या वेळी मीच अस्वस्थ होतो, म्हणून हेडांना वीज पुरवणाऱ्या जनरेटरचं कार्ड बदलून दिलं. चार दिवस बरे गेले, मग पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी मात्र पहिल्या पाळीसोबत सकाळी आठलाच जाऊन बसलो आणि कशालाही हात न लावता नुसतं बघत राहिलो.

हेल्परने टाकी रिकामी केली, पुसली, बोअरचा पाइप वरून धरला आणि धबाधबा पाणी सोडलं. साबण ओतला, हीटर आणि अल्ट्रासोनिक एकदम चालू केलं आणि पाचव्या मिनिटाला पहिली बास्केट आत सोडली. मी वाकून बघितलं. प्रत्येक बुशाला बारीक बारीक बुडबुडे चिकटले होते, सोड्याच्या ग्लासात मनुका टाकल्यावर चिकटतात तसे. त्या क्षणी डोक्यात ट्यूब पेटली.

टाकीत नेमकं होतं काय

तळाच्या खालून चिकटवलेली हेडं टाकीचा तळ सेकंदाला ४०,००० वेळा हलवतात. हे हलणं मायक्रॉनच्या हिशोबातलं, डोळ्यांना दिसणारं नाही. तळ वर गेला की पाणी दाबलं जातं, खाली आला की ओढलं जातं. एक फेरी २५ मायक्रोसेकंदांची, म्हणजे दाबायला साडेबारा आणि ओढायला साडेबारा.

खरी करामत ओढण्यात आहे. दाब पुरेसा खाली गेला की पाणी जागोजाग फाटतं आणि तिथे सूक्ष्म पोकळ्या तयार होतात. त्यांच्यात आजूबाजूच्या पाण्याची वाफ शिरते. पाणी गरम न करता केवळ दाब उतरवून उकळवल्यासारखाच हा प्रकार. लगेच उलट फेरी येते, दाब वाढतो, आतल्या वाफेचं परत पाणी होतं आणि आधाराला काहीच न उरल्याने चारी बाजूंचं पाणी त्या पोकळीवर कोसळतं. याला कॅव्हिटेशन म्हणतात. कोसळण्याच्या क्षणी त्या बिंदूपाशी तापमान सुमारे ५,००० अंशांवर आणि दाब वातावरणाच्या शेकडो पट जातो. जागा इतकी लहान आणि वेळ इतका कमी असतो की टाकीतल्या एकूण पाण्याला त्याची धग लागत नाही. १९३४ साली जर्मनीतल्या कोलोन इथे फ्रेन्झेल आणि शुल्टेस हे दोघं अल्ट्रासाउंड लावून फोटोची काच लवकर धुतली जाते का ते बघत होते. काचेवर भलतेच ठिपके उमटले. कोसळणाऱ्या बुडबुड्यांतून उजेड पडत होता.

आपल्या कामाचा भाग मात्र वेगळा आहे. बुडबुडा पार्टच्या पृष्ठभागाजवळ असेल तर तो सगळीकडून सारखा कोसळत नाही. पार्टच्या बाजूने पाणी यायला जागा नसते, म्हणून समोरच्या बाजूचं पाणी बुडबुड्याच्या पोटातून आरपार घुसून पृष्ठभागावर आदळतं. ही केसाहून बारीक धार सेकंदाला शंभर मीटरच्या आसपास वेग गाठते, म्हणजे ताशी साडेतीनशे किलोमीटर. आट्यांमध्ये, आंधळ्या भोकात, नोझलच्या छिद्रात ब्रश जात नाही, तिथे ही धार पोचते. बाकी साबण आणि गरमपणा मदतीला.

ज्यांची शेती आहे त्यांनी हा प्रकार वेगळ्या अवतारात ऐकलेला असेल. विहिरीवरच्या पंपाचा फूटव्हॉल्व्ह पाल्याने चोंदला की पंपात खडे भरल्यासारखी खडखड सुरू होते. आत एकही खडा नसतो. ओढीच्या बाजूला दाब कमी पडून पोकळ्या होतात आणि इम्पेलरवर, म्हणजे पंपातल्या फिरत्या पंख्यावर, कोसळतात. असा पंप महिनोन् महिने चालवला तर इम्पेलर वाळवी लागल्यासारखा दिसतो. ब्रिटिशांच्या वेगवान जहाजांना १८९०च्या दशकात हेच दुखणं जडलं होतं, पंखे फिरूनही वेग मिळेना. पुढे १९१७ साली लॉर्ड रॅले यांनी पोकळी कोसळताना किती दाब तयार होतो त्याचं गणित मांडलं. जे पंपात आणि जहाजात नको असतं, तेच आपण टाकीत मुद्दाम घडवतो.

मग ताज्या पाण्याचं काय बिघडलं

पाण्यात हवा विरघळलेली असते, तिच्यावर मासे जगतात. पाणी जितकं थंड, तितकी त्यात हवा जास्त मावते. नुसत्या ऑक्सिजनचं बघा. १० अंशांना लिटरमागे साधारण ११ मिलिग्रॅम, २० अंशांना ९, आणि ६० अंशांना ५ पेक्षाही कमी. हे आकडे समुद्रसपाटीचे. नाशिक ६०० मीटरच्या आसपास उंच आहे, त्यामुळे आपल्याकडे थोडे कमी भरतील, पण चढउतार तोच.

आता ओढण्याच्या फेरीत जी पोकळी तयार होते, तिच्यात ही विरघळलेली हवाही शिरते. वाफ आणि हवा यांच्यात एक मोठा फरक आहे. दाब आला की वाफेचं क्षणात पाणी होतं, ती वाटेतून बाजूला होते. हवा कुठे जाणार? ती तिथेच बसते आणि पाण्याचा मार अंगावर झेलते. फुग्यावर बुक्की मारून बघा, हात लागतो पण घाव बसत नाही. वर आणखी त्रास म्हणजे हे हवेचे बुडबुडे मोठे होत पाण्यात तरंगत राहतात, आवाजाच्या लाटा विखुरतात, आणि लाट पार्टपर्यंत धडपणे पोचतच नाही. मशीन पूर्ण ताकद लावत असतं, ती मधल्या मधे जिरते.

डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा एक आकडी झाल्याच्या बातम्या येतात तेव्हा छतावरच्या टाकीतलं पाणीही गारठलेलं असतं. ते वरून धबाधबा ओतलं की विरघळलेली हवा आहेच, शिवाय ओतताना घुसळलेली वेगळी. हीटरने अजून जोर धरलेला नसतो. दुपारपर्यंत पाणी तापतं, अल्ट्रासोनिक चालून चालून हवा हाकलली जाते, आणि मशीन आपोआप "दुरुस्त" होतं. मी दुपारी पोचलो तेव्हा सगळं ठीक का होतं, ते आता लक्षात आलं असेल. कार्ड बदलल्यावर चार दिवस बरं चाललं, कारण त्या चार दिवसांत पाणी बदललंच नव्हतं.

पाणी बदललं नाही तरी रात्रभर ते गार होताना हवा परत पिऊन घेतं. म्हणून सुट्टीनंतरच्या सकाळी जुन्या पाण्याचीही हीच कुरकुर असते, फक्त थोडी कमी.

उपाय फुकटचा आहे. पाइपचं तोंड टाकीच्या तळाशी टेकवून पाणी हळू भरा, फेस होऊ देऊ नका. साबण घाला. हीटर ५०-५५ अंशांवर लावा. आणि बास्केट न टाकता अल्ट्रासोनिक रिकामं चालवा. सराफाच्या तीन-चार लिटरच्या टाकीला दहा मिनिटं पुरतात, ३० लिटरच्या टाकीला मी गारठ्यात अर्धा तास धरतो. मशीनवर डीगॅसचं (हवा काढायचं) बटण असेल तर तेच दाबा. ते अल्ट्रासोनिक थांबूनथांबून चालवतं, आणि थांबलेल्या क्षणांत बारीक बुडबुडे एकमेकांना मिळून मोठे होतात आणि वर निघून जातात. बटण नसेल तर काही सेकंद चालू, काही सेकंद बंद असं हाताने केलं तरी चालतं.

झालं हे कसं ओळखायचं? सुरुवातीला पाणी किंचित दुधाळ दिसतं आणि बुडबुड्यांच्या रांगा वर येताना दिसतात. हवा गेली की पाणी नितळ होतं, वर नुसती बारीक थरथर राहते आणि आवाजाचा पोतच बदलतो. आधी बोदा, दबलेला असतो, मग करकरीत होतो, मोहरी तडतडल्यासारखा. ४० किलोहर्ट्झ माणसाला ऐकूच येत नाही, आपला कान २० किलोहर्ट्झपर्यंत. ऐकू येतो तो त्या कोसळणाऱ्या बुडबुड्यांचा गोंगाट. म्हणून "आवाज येतोय म्हणजे मशीन ठीक" हेही खरं नाही आणि "आवाज बदलला म्हणजे बिघडलं" हेही नाही. महिनाभर रोज ऐकलात की कान तयार होतो.

कान तयार होईपर्यंत फॉइल वापरा

स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल घ्या, शक्य तितकी पातळ. टाकीच्या लांबीएवढा तुकडा तारेच्या चौकटीवर ताणून पाण्यात उभा सोडा, तळाला टेकू देऊ नका. अर्धा ते एक मिनिट मशीन चालवा आणि बाहेर काढून उजेडाकडे धरा. मशीन आणि पाणी दोन्ही जागेवर असतील तर फॉइलभर देवीच्या व्रणांसारखे बारीक खड्डे आणि अधूनमधून आरपार भोकं दिसतील.

ही चाचणी दोनदा करायची, हे फार थोडे लोक करतात. एकदा हवा काढण्याआधी, एकदा काढल्यावर. पहिली फॉइल जवळजवळ कोरी आणि दुसरी चाळणीसारखी झाली असेल तर मशीनला काही झालेलं नाही, मला फोन करू नका.

कधी फॉइलवर आडवे पट्टे दिसतात, एक पट्टा खाल्लेला, एक जसाच्या तसा. हे बघून लोक घाबरतात. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १,४८० मीटर जातो. ४० किलोहर्ट्झने भागलं की एक लाट ३७ मिलिमीटरची, अर्धी साडेअठरा. तळातून निघालेली लाट पाण्याच्या वरच्या थरावर आपटून परत येते, दोन्हींची गाठ पडते आणि दर साडेअठरा मिलिमीटरला एक जोरकस आणि मधे एक निवांत थर तयार होतो. फूटपट्टी लावून मोजा, जुळेल. चांगल्या मशीनमध्ये वारंवारिता किंचित खालीवर हलवत ठेवतात, त्यामुळे हे पट्टे एका जागी ठरत नाहीत. तुमच्या मशीनमध्ये ती सोय नसेल तर बास्केट मधूनमधून हाताने दोन-तीन सेंटिमीटर वरखाली करा. हात बास्केटच्या कडीला, पाण्यात नाही.

पट्टे नसून एकाच ठिकाणी गोल कोरा डाग दिसला तर मात्र त्या खालचं हेड तपासायला हवं. त्याकडे शेवटी येतो.

फॉइलचे कण पाण्यात उतरतात, म्हणून चाचणी पाणी बदलण्याच्या आधी करा किंवा नंतर पाणी गाळून घ्या. मी प्रत्येक गिऱ्हाइकाच्या टाकीची पहिली फॉइल वहीत तारीख घालून चिकटवून ठेवतो. तक्रार आली की नवी तिच्या शेजारी ठेवायची. कोणत्याही मीटरपेक्षा मला तिचा भरवसा जास्त.

सराफाच्या लहान टाकीला आणखी सोपी चाचणी आहे. लॅबच्या सामानाच्या दुकानात एका टोकाला खरखरीत केलेली काचेची स्लाइड मिळते. ते टोक ओलं करायचं, एचबी पेन्सिलीने त्यावर फुली मारायची आणि स्लाइड पाण्यात सोडायची. दहाएक सेकंदांत फुली पुसली गेली पाहिजे.

हवा काढूनही साफ होत नसेल तर

सराफ बाजारात एका शेठकडे गेलो होतो. चांदीचे पैंजण चहाच्या प्लास्टिकच्या गाळणीत ठेवून टाकीत सोडत होते. प्लास्टिक आवाज गिळतं, आणि गाळणीची जाळी इतकी बारीक की उरलेला आत जाईना. "शेठ, स्टीलची मोठ्या भोकांची बास्केट घ्या," एवढंच सांगितलं, वीस मिनिटांत विषय संपला. उलट टोकाचे लोकही आहेत. बास्केट नको म्हणून पार्ट सरळ तळावर ओततात. त्याने तळाची थरथर दबते, हेडं तापतात, आणि पार्ट घासून घासून तळाला खड्डे पडतात. एक दिवस टाकी गळते ती थेट खालच्या वायरिंगवर.

बास्केटमध्ये पार्ट किती भरायचे यावर वाद घालून मी दमलोय. पार्टवर पार्ट रचले की वरच्यांच्या सावलीत खालचे राहतात. अर्धी बास्केट दोनदा धुवा, पूर्ण बास्केट तीनदा धुण्यापेक्षा लवकर होतं.

पाण्याची पातळी हा छुपा चोर आहे. ६० अंशांना दिवसभर चालणाऱ्या टाकीतून पाणी उडतं. पातळी खुणेखाली गेली की हेडांचा जीव धोक्यात, हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून हेल्पर दुपारी बादलीभर गार पाणी वरून ओततो. झालं, पुन्हा सोडा वॉटर! दुपारी तीनची तक्रार आली की मी आता पहिला प्रश्न बादलीचा विचारतो. बारक्या पातेल्यात गरम पाणी ठेवा आणि थोडं थोडं भर घाला.

"जास्त गरम केलं की जास्त साफ" हाही गैरसमज. एकाने टाकी ८५ अंशांवर ठेवली होती, आणि त्याचीही तक्रार तीच, पार्ट साफ निघत नाहीत. ६० अंशांना पाण्याच्या वाफेचा दाब वातावरणाच्या पाचव्या हिश्शाएवढा असतो, ८५ अंशांना निम्म्याहून जास्त. पोकळीत इतकी वाफ दाटते की कोसळताना तीच गादीचं काम करते. ५० ते ६५ यांच्यामध्ये राहा.

साबणाबद्दल थोडक्यात. साबण पाण्याचा पृष्ठताण उतरवतो आणि तेल सोडवतो, त्यामुळे तो लागतोच, पण भांड्यांचा लिक्विड साबण फेस करतो आणि फेस म्हणजे हवाच. कमी फेसाचं केमिकल घ्या आणि डब्यावर लिहिलेलं प्रमाण मापून घाला, अंदाजे नाही. ॲल्युमिनियमच्या कार्ब्युरेटरला तीव्र अल्कलीचं केमिकल लावलं की तो काळा पडतो. मी एकदा गिऱ्हाइकाचा पाडलाय, बोलणी खाल्ली आहेत. कटिंग ऑइल वर तरंगू लागलं की कागदाने टिपून घ्या, नाहीतर स्वच्छ पार्ट वर काढताना तोच थर अंगाला लावून बाहेर येतो.

बोअरचं पाणी जड असेल तर पार्ट वाळल्यावर पांढरे डाग राहतात, आणि टाकीच्या भिंतीवर व हीटरच्या बाजूला पांढरा थर बसतो. डागांसाठी शेवटचं खंगाळणं आरओच्या पाण्यात करा. थरासाठी कोमट पाण्यात सायट्रिक ॲसिड घालून ठेवा, किराणा दुकानात लिंबाचं फूल म्हणून मिळतं तेच. बाथरूम साफ करायचं ॲसिड अजिबात नको. त्यातलं क्लोराइड स्टेनलेस स्टीलला सुईच्या टोकाएवढी भोकं पाडतं, आणि ती आधीच थरथरणाऱ्या पत्र्यात लवकर वाढतात.

टाकीत काय घालू नये

पेट्रोल, थिनर, स्पिरिट नको. गॅरेजवाल्यांचा यावर विश्वास बसत नाही, कारण कार्ब्युरेटर पेट्रोलनेच धुवायची सवय. तापलेली उघडी टाकी, वर जमलेली वाफ आणि खाली शेकडो व्होल्टची वायरिंग. आणखी काय सांगू!

दागिन्यांत सगळ्यात जपायची ती नथ. मोती मऊ असतो, थरांनी बनलेला असतो, त्याची झळाळी जाते ती परत येत नाही. लग्नसराईत घाईघाईने अख्खा सेट टाकीत सोडण्याआधी नथ आणि मोत्याची कुडी बाजूला काढा. पोवळं, ओपल, फिरोजा हेही नको. पाचूच्या भेगा बहुतेक वेळा तेलाने भरलेल्या असतात, ते तेल धुऊन निघतं आणि भेगा उघड्या पडतात. आतून लाख भरलेले दागिने गरम पाण्यात सैल होतात. नुसतं सोनं आणि हिरा चालतो, पण हिऱ्याची पकड ढिली असेल तर तो सुटून खाली पडणार. म्हणून सराफांनी टाकीचं पाणी गाळल्याशिवाय मोरीत ओतू नये. एका शेठनी मोरीचा पाइप कापलेला मी डोळ्यांनी बघितलाय.

हीच विद्या दातांच्या डॉक्टरांच्या स्केलरमध्ये (दातांवरचा थर काढायच्या यंत्रात) आहे, दवाखान्यात निर्जंतुक करण्याआधी हत्यारं धुण्यात आहे, चष्म्याच्या दुकानात आहे. आपल्या द्राक्षवाल्यांनाही ती नवी नाही: चिरडलेल्या द्राक्षांतून रंग आणि चव लवकर उतरावी म्हणून अल्ट्रासाउंड वापरायला आंतरराष्ट्रीय द्राक्ष आणि वाईन संघटनेने २०१९ साली मान्यता दिली. मला सगळ्यात मजा वाटते औषध कंपन्यांच्या लॅबची. तिथे अल्ट्रासोनिक बाथमध्ये बाटली ठेवतात ती धुण्यासाठी नाही, बाटलीतल्या द्रावणातली हवा काढण्यासाठी. आपण जी तयारी म्हणून टाळतो, तेच त्यांचं मुख्य काम.

आणि खरंच हेड गेलं असेल तर

अंबडच्या त्या वर्कशॉपमध्ये आता सकाळी आठला टाकी भरून रिकामी चालू होते आणि साडेआठला पहिली बास्केट जाते. दर महिन्याची फॉइल हेल्पर खिळ्याला अडकवून ठेवतो. गेल्या थंडीत त्याचाच फोन आला, मालकाचा नाही. "दादा, हवा काढली, गरम आहे, पातळी बरोबर आहे. पण फॉइलवर डाव्या कोपऱ्यात वाटीएवढा कोरा डाग आहे, मागच्या महिन्यात नव्हता."

त्या दिवशी मी पाने-पकड घेऊन गेलो. मेन स्विच बंद, प्लग भिंतीतून बाहेर, मग हेडांची दोन्ही टोकं रोधकातून जोडून डिस्चार्ज. हे पाऊल गाळू नका. हेडातली सिरॅमिक चकती तापली-निवली तरी स्वतःहून विजेचा भार जमवते, प्लग काढलेला असला तरी. आतल्या वायरिंगची सवय नसेल तर हे काम जाणकारालाच करू द्या.

मीटरवर दहाही हेडांची मिळून धारिता (विजेचा भार साठवण्याची क्षमता) ४० नॅनोफॅरडच्या आसपास आली. एका हेडाला सुमारे ४, म्हणजे बरोबर. वायर तुटली असती तर ३६ आली असती. याचा अर्थ हेडाला वीज पोचत होती, पण ते तळाला हलवत नव्हतं. कोपऱ्यातलं हेड हाताने हलकं फिरवलं तर डुगडुगलं. इपॉक्सीचा थर कडेने सुटला होता. ते उतरवलं, दोन्ही पृष्ठभाग घासून, पुसून नवी इपॉक्सी लावली, दाबून बांधलं आणि दोन दिवस टाकी चालू करू नका म्हणून सांगून आलो. तिसऱ्या दिवशी सकाळी हेल्परने फोटो पाठवला. कोपऱ्यातही आता इतरत्र होते तेवढेच खड्डे होते.